कोडीला एक

देवगडच्या प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, विसांत एक.
मी वहीत लिहिलं : कोडीला एक.
आमच्याकडे सुके बांगडे तसेच मोजतात.

बंदरापासून वरच्या कलमांपर्यंत
दोनशे बारा घरं माझी.
लेप्टोच्या तापाचा आकडा
उपकेंद्राच्या फळ्यावर खडूने लिहितो.
ह्या दुखण्याला फळ्यावर रकाना नाही.

नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत
कशातच मन लागलं नाही, असे किती दिवस?
शेवंती तारी म्हणते, 'मन? तां खंय लावतत गो?'
आणि सुंगटं सोलत राहते.
मी 'कधीच नाही'वर खूण करते.
मग मागीलदारी नजर जाते :
जिच्या अबोलीसाठी वाडी भांडायची
तिचे वाफे वाळून कोळ.
खूण खोडते.

बायकांना दुप्पट, मॅडम म्हणाल्या.
बाळंतिणींना, एकट्या म्हाताऱ्यांना,
दारू असलेल्या घराला, दुखणं लांबलेल्याला.
मी मोजू लागले आणि थांबले.
ह्यातलं काहीच नाही अशी घरं
मोजणं सोपं होतं.

मेहरून सोलकर, बावीस दिवसांची बाळंतीण, नवरा कतारला.
म्हणाली, बाळ रडलं की वाटतं
शेजारच्या घरात रडतंय.
असा प्रश्न नवांत नाही.
मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतलं.

बापू कुबल, होडी विकल्यापासून
जेटीवर दुसऱ्यांची जाळी शिवतो, पैसे न घेता.
विचारलं तर म्हणतो, 'वारो पडलो हा.'
ह्याला किती गुण द्यायचे?

कलमांच्या राखणीला आलेला नेपाळी पोरगा
यादीतच नाही.
रात्रभर बॅटरी मारत फिरतो, माकडांवर म्हणे.
आंबा उतरून महिना झाला.

नववा प्रश्न मी उभ्याने विचारत नाही.
पायरीवर बसते, आवाज उतरवते.
होकार आला तर फॉर्म ठेवायचा,
माणसाला एकटं सोडायचं नाही.

शेवंतीने मान हलवली, कुणीकडे ते कळलं नाही.
रिक्षा बोलावली.
'सुंगटां कोण सोलतला?'
बर्फात घातलीत, म्हटलं, चल.

चढावर तिने विचारलं,
'माज्यासारकी आजून किती गो?'
मी आकडा सांगितला.
'एवढी? मगे कोणच कसां बोलणा नाय?'

रिक्षावाल्याने आरशातून एकदा बघितलं
आणि रेडिओ बंद केला.