शेरा

एप्रिल संपत आला तरी तलावावर बर्फाची साय होती
तेव्हा मी अर्डिस नूडसनच्या दारात उभा राहिलो,
खिशात मोजपट्टी, काखेत फॉर्म.
एकोणीस वर्षं मी या गावासाठी हेच करतो:
गुडघाभर वाढलेलं गवत,
ताडपत्रीखाली चाकं नसलेल्या गाड्या,
फुटपाथवरचा कुणी न उपसलेला बर्फ.
मला पाहून लोक पडदे ओढतात.
ती म्हणाली, बूट राहू देत, सरळ मागे चला.

मागे तिच्या नवऱ्याची मासेमारीची खोपी.
तीस हिवाळे गोठलेल्या तलावावर ओढत नेलेली,
तळाला अजून ते गोल भोक
ज्यातून तो गळ सोडून दिवसभर गप्प बसायचा.
आता भोकावर फळी, फळीवर पेंढा,
पेंढ्यात व्हर्ना, इनेझ आणि ओपल.
"माझ्या बहिणी," ती म्हणाली. "तिघीही गेल्या.
ह्या त्यांच्यापेक्षा कमी भांडतात."

नियम असा: चार कोंबड्या. कोंबडा नाही.
शेजाऱ्याच्या खिडकीपासून पन्नास फूट.
शंभर फुटांतल्या प्रत्येक घराची सही.
दक्षिणेचं घर तीन वर्षं रिकामं;
तिथलं दार तिनं चार वेळा वाजवलं होतं
आणि चारही तारखा टिपून ठेवल्या होत्या.

पट्टीचं दुसरं टोक धरायला माझ्याकडे माणूस नसतो.
तिनं धरलं.
लायल ब्रेकीच्या खिडकीखाली ओणवी होऊन
स्वतःच्याच विरुद्धचं अंतर
दोन बोटांत घट्ट.
सत्तेचाळीस फूट आणि थोडं.
"खरं तेच लिहा," ती म्हणाली,
"पण ते थोडं विसरू नका."

तेवढ्यात मर्टल आरवली.

चौथी बहीण. धाकटी.
गेल्या वसंतात मादी म्हणूनच घेतलेलं पिल्लू,
पावतीवर तसं लिहिलंय, तिनं पावती दाखवली.
मग शेपटीला कोयत्यासारखा बाक आला
आणि एका पहाटे तिच्या गळ्यातून तो निघाला.
नाव तेच राहिलं.
हिवाळाभर तळघरात, भट्टीच्या शेजारी,
रात्री वर पुठ्ठ्याचं खोकं.
"झाकून पाहिलं," अर्डिस म्हणाली.
"उजाडतंच."

तक्रार कुणाची होती ते मी सांगत नाही.
एवढंच सांगतो, की लायल ब्रेकी
न बोलावता दोर घेऊन आला.
खोपीला खाली अजून लाकडी धावा होत्या,
सावलीत उरलेला बर्फ कुजका, पण पुरेसा.
तो पुढून, मी मागून,
आत तिघी बहिणी कलकलत,
आणि अर्डिस नुसतीच म्हणत होती, हळू, हळू,
जणू आत कुणी गळ टाकून बसलंय.
तीन फूट सरकायला पाऊण तास लागला.
मागे राहिला पिवळ्या गवताचा एक चौकोन.
लायल त्याच्यात पाय न ठेवता, वळसा घेऊन घरी गेला.

मर्टलला दहा दिवसांची मुदत.
नवव्या दिवशी ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर होती,
त्याच खोक्यात.
गावाची हद्द बीटाच्या शेताशी संपते, तिथं पाटी आहे;
पाटीच्या पलीकडे माझ्या मेव्हण्याची गोठी
आणि आमचं कुठलंच कलम नाही.
भेटवस्तू घेता येत नाही मला,
म्हणून अर्डिसनं डझनभर अंड्यांचं बिल केलं,
चार डॉलर नव्वद, आणि सुटे परत दिले.

आता पश्चिमेचा वारा असला
की ते आरवणं शेतावरून गावात येतं.
दोनदा ऑफिसात फोन आला.
वारा कुठून यावा याचा नियम मी शोधला,
प्रामाणिकपणे, अनुक्रमणिकेपासून.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना असतो: शेरा.
एकोणीस वर्षं मी तिथं आडवी रेघ मारत आलोय.
यंदा लिहिलं,
पन्नास फूट आणि थोडं.