माणशी वजन, सामानासकट

फालेओलोच्या विमानतळावर मी माणसं तोलतो.
विमान एवढंसं, अठरा खुर्च्यांचं,
म्हणून आधी बॅग, मग बॅगवाला,
मग कोणी कुठं बसायचं ते मी ठरवतो.
आकडा मोठ्यानं सांगत नाही, एवढी अदब पाळतो.
बाकी काम सोपं.

इथून पागो पागो दीडशे किलोमीटर.
चाळीस मिनिटं; वारा आडवा असला तर पंचेचाळीस.
थर्मासमधला चहा गार व्हायच्या आत उतरायचं असतं.
तरी फळ्यावर खडूनं लिहावं लागतं:
सुटणार बुधवारी सकाळी सहा,
पोचणार मंगळवारी सहा चाळीस.
परदेशी पाहुणे फळ्याशेजारी उभं राहून
फोटो काढतात.

आम्हाला त्यात हसण्यासारखं काही नाही.
पूर्वी दोन्ही बेटांचा वार एकच होता.
मग सरकारनं रेघ उचलून पलीकडे ठेवली,
गुरुवारी निजलो ते शनिवारी उठलो.
मधला शुक्रवार कुणाच्याच वाट्याला आला नाही.
माझ्या मेहुण्याचा वाढदिवस तेवढा त्यात बुडाला;
अजून स्वतःला एक वर्ष कमी धरतो.

फुआतिनो आली तेव्हा उजाडलं नव्हतं.
काखेत गुंडाळलेली बारीक विणीची चटई,
मयताला नेतात ती.
मी विचारलं नाही. तीच म्हणाली, भाऊ.
पलीकडे मासळीच्या कारखान्यात डबे भरायचा.
रात्री दोनला गेला.

काट्यावर चढली. चटई खाली ठेवेना.
तिच्यासकट आकडा लिहिला.
मग तिनं फळा वाचला. पुन्हा वाचला.
"पोचणार मंगळवारी?"
हो म्हटलं.
"मंगळवारी तर मी त्याच्याशी बोलले.
दुपारी. जेवून उठला होता.
कोको संपलाय म्हणाला, आपल्या झाडाचा पाठव.
मंगळवारी तो होता."

पंधरा वर्षं हा हिशेब मी लोकांना समजावतोय.
रेघ नकाशात असते, पाण्यात नसते;
इकडचे दोन ते तिकडचेही दोनच,
वार तेवढा नावाला मागे.
सगळं पाठ आहे,
ओठांवर आलंही होतं.
"खिडकीपाशी बसा," एवढंच म्हणालो,
आणि तोल साधायला
एका जाड गृहस्थाला दुसऱ्या बाजूला हलवलं.

ती परतली आठवड्यानं.
सोमवारी निघून मंगळवारी उतरली.
चटई नव्हती,
पण एक हात चालताना अजून काखेशी घट्ट.
बॅग घ्यायला मी पुढे झालो.
"चाळीसच मिनिटं लागतात," ती म्हणाली,
"तेवढं मात्र खरं लिहिता."

बॅगेत कोकोच्या वड्या होत्या, कागदात तशाच.
उतरणाऱ्यांना तोलायचं नसतं, काटा बंद होता.
पण इतक्या वर्षांनी हातालाच कळतं.
सव्वा किलो.
जातानाही एवढाच होता.