कडू उतरताना

हॉप्सची शेवटची वेल उतरली, तारा मोकळ्या झाल्या,
तरी कोर्बिनियानच्या बोटांना चिकटलेला हिरवा राळ
साबणाला दाद देत नाही.
महिनाभर पाव कडू, पाण्याचा घोट कडू,
झोपेत चाटलेला ओठसुद्धा.

"आज काळी दे," तो क्रेसेन्त्सला म्हणतो.
"स्वतःच्याच पिकाला कंटाळलास?"
तो नुसती मान हलवतो; हो की नाही, कळत नाही.

मातीच्या मगात
मोड आणून भाजलेला जव:
पावाची करपलेली कड, दुधाच्या खरवडीची गोडी,
भट्टीशेजारची ऊब.
जीभ हळूहळू परत आपली होते.

दुसऱ्या मगाच्या तळाशी मात्र
अगदी पुसटसं काहीतरी.
तो थांबतो, हुंगतो.
"आपल्याच वरच्या शेतातलं,"
म्हणतो, आणि रिकामा मग पुढे सरकवतो.