चौथी पट्टी

नाझिब्रोला पडद्याला बोट लावते.
लावू नका, म्हणतो मी; ठसा राहतो,
आणि ठशाखालचा निळा उगाच म्हातारा दिसतो.
"हा," ती म्हणते, "हाच हवा."

फोटोत टेबल, त्यावर आमच्याकडचं निळं कापड,
पांढरे मासे, पांढरी हरणं, काठाला सुऱ्या-काटे छापलेले,
आणि कडेला तिची बहीण त्सिआला, अर्धी उठलेली,
थेस्सालोनिकीच्या बसच्या आदल्या रात्री.

पहिली पट्टी जांभळी निघाली.
माझं दुकान राखाडी आहे. भिंती राखाडी, शर्टसुद्धा,
कुठला रंग दुसऱ्यावर सांडू नये म्हणून.
पडद्याचा उजेड निम्म्यावर आणलाय,
कागदाचा स्वभाव यंत्राला शिकवलाय,
तरी हा निळा येताना
वांग्याच्या वाफ्यातून येतो.

तिला समजावतो: पडदा स्वतः जळतो, बाई.
कागद उसन्या उजेडावर जगतो,
खोली देईल तेवढंच परत करतो,
त्यातलंही थोडं ठेवून घेतो.
आणि तुमचा निळा माझ्या आठ शायांत नाहीच.
आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून आणू?

दूध पातळ का, याची कारणं ऐकावीत
तसं तिनं ऐकून घेतलं.

दुसऱ्या पट्टीत जांभळा गेला, सोबत त्सिआलाचे ओठही गेले.
तिसरीत मासे हिरवट.

शनिवारी ती पिशवीतून कापडच घेऊन आली,
काउंटरवर अंथरलं.
आम्ही दोघं गप्प.
नऊ वर्षांच्या धुण्यानं ते आकाशीच्याही अलीकडे आलेलं,
एका हरणाच्या पोटावर वाइनचा डाग.
पडद्याशी जुळेना, पट्टीशी जुळेना.
फ्लॅश असेल, मी म्हणालो.
साबण वाईट होता, ती म्हणाली.

मग विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं:
लागणार कुठे हा फोटो?

तिनं फोन लावला. त्सिआला तिकडे स्वयंपाकघरात,
ज्या म्हातारीला सांभाळते तिचं सूप ढवळत.
"दिवा दाखव," नाझिब्रोला ओरडली, "वरचा दिवा!"
फोन वर वळला.
बल्ब पिवळा असावा. पण फोन शहाणा,
त्यानं पिवळेपणा आपणहून पुसला
आणि भिंत पांढरीशुभ्र करून दाखवली.
"पिवळा आहे का गं?"
"असतो तसा आहे."
मागे म्हातारी ग्रीकमध्ये कुणावर तरी चिडली.

चौथी पट्टी अंदाजानं काढली.
माझ्या दिव्याखाली ती गारठलेली, जरा आजारी,
त्सिआला तापातून उठल्यासारखी.
तिथे, त्या बल्बखाली, हिशोब बरोबर असेल तर,
अंधार पडल्यावर कापड निळं व्हावं.
मला काही ते दिसायचं नाही.

नाझिब्रोलानं पट्टी खिडकीशी नेली. रिओनीवर ढग होते.
"हा तो नाही," ती म्हणाली.
पैसे मोजले, मोठा काढ म्हणाली,
आणि चारही पट्ट्या मागून घेतल्या, जांभळीसकट.

सोमवारी फोटो गुंडाळायला मी फुग्यांचं प्लास्टिक काढलं.
तिनं नको म्हटलं.
त्या कापडातच बांधला तिनं तो,
दोनदा गाठ मारून,
मासे बाहेरच्या बाजूला ठेवून.