अंजिरी

नाग नाल्याच्या काठचा चिखल मी बरणीत भरला.
बरणी आमचीच, लोणच्याची,
झाकणाला अजून मेथीचा वास.
वरून नाल्याचंच पाणी, काठोकाठ;
हवेला जागा ठेवायची नाही,
धारगावे सरांनी दोनदा बजावलं होतं.
पाचपावलीत, आमच्या गच्चीवर, कूलरच्या मागे
सेहेचाळीस अंशांत ठेवून दिली.
आई म्हणाली, "काऊन वं, घान घरात आनून रायली?"
मी म्हटलं, घाण नाही, बिऱ्हाड आहे कुणाचं तरी.

आठ दिवस काहीच नाही.
खाली काळा गाळ, वर पिवळट पाणी,
आणि झाकणाच्या आट्यांतूनही येणारा
कुजक्या अंड्याचा वास.
नवव्या दिवशी काचेवर, उन्हाच्या बाजूला,
एक डाग उमटला,
विडा खाल्लेल्या ओठाएवढा.
मग तो पसरत गेला.
विसाव्या दिवशी शेजारच्या निपाणेकाकांनी
कठड्यावरून वाकून हळूच विचारलं,
"मोहाची हाय का?"

त्यांना श्वासाला हवा नको.
आपण मोरीतून सोडलेलं खातात,
आणि उजेड.
तोही आपल्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा,
डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं
की गालाला नुसता ऊब म्हणून कळतो तो.
झाडांच्याही आधीचे आहेत हे, सर म्हणतात.
वरचा उजेड झाडांनी घेतला,
गाळापर्यंत जो उरला
त्यावर यांचा संसार.

जूनमध्ये बरणीचं विरजण टाक्यांना लावलं.
तीन टाक्या, आरपार दिसणारी झाकणं,
वस्तीतल्या चाळीस घरांचं पाणी.
फुलझेले वीस वर्षं चेंबरमध्ये उतरलेला माणूस;
पहिल्या दिवशी टाकीजवळ वाकला नाही.
पंधराव्या दिवशी वाकला, बाहेर पडणाऱ्या पाण्यावर.
बोलला काहीच नाही.
नाकावरचा रुमाल काढून
खिशात ठेवला.

मग जुलै. अकरा दिवस ढग.
रंग उतरत गेला,
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा.
आम्ही एलईडी आणले, आठ,
पांढरेशुभ्र, बिल कमी येणारे.
टाकीत काही हललं नाही.
सर म्हणाले, हा उजेड आपल्यासाठी आहे,
त्यांच्यासाठी नाही. त्यांना तापणारा बल्ब पाहिजे,
तारेचा, जुना.
इतवारीत मी सात दुकानं फिरले.
एक जण म्हणाला, "ताई, तो आता म्युझियममदी भेटन."

रात्री जेवताना बाबांना सांगितलं, उगाच, बोलायचं म्हणून.
ते हात न धुता उठले.
पेटीतून एक गाठोडं काढलं,
नऊवारीच्या काठाचा उरलेला तुकडा,
त्यात गुंडाळलेला साठ वॅटचा बल्ब.
मागाच्या डोक्यावरचा.
माग विकून तीस वर्षं झाली.
बल्ब विकला नव्हता,
किंवा तो कुणी मागितला नव्हता.

लागला. पहिल्याच खटक्याला.
पिवळा, तापट,
भोवती पाखरांची गर्दी.

पाचव्या दिवशी बाबा स्वतः आले, रिक्षा करून.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
म्हणून नमुन्याची बाटली उजव्या डोळ्याशी धरली,
उजेडाकडे फिरवली,
अंगठ्यानं काच चाचपली, पोत बघावा तशी.
मी नोंदवहीत 'जांभळा' लिहिलं होतं.
"जांभळा नोहे हा," ते म्हणाले.
"अंजिरी. दोन बुडव्या झाल्या,
एक बाकी हाय."

मी खोडून तसंच लिहिलं.
संध्याकाळी सरांनी पान पाहिलं, खाली सही केली,
शब्दाबद्दल विचारलं नाही.

बल्ब एकच.
उरलेल्या दोन टाक्या
फिकट, झाकणाखाली,
ढग हटायची वाट बघत आहेत.