खळं

सकाळी सव्वासातला इन्क्युबेटर उघडला की
आधी वास येतो, आंबलेल्या पिठासारखा,
मग बश्या दिसतात.
पिवळट आगरवर रात्रभरात उगवलेलं धुकं
आणि त्यात औषधाच्या सहा टिकल्या.
टिकलीभोवती जंतू मेले तर
स्वच्छ गोल उरतो.
पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे,
मी खळं म्हणते.
चंद्राला पडतं तेच.
भाऊकाका सांगायचे, खळं मोठं तर पाऊस जवळ.
इथे सोहारमध्ये पावसाचं कोण विचारतो,
मी पट्टी लावते, मिलिमीटर मोजते:
खळं मोठं तर माणूस घरी.

बेड सहा. जुमा बिन खलफान, वय एकाहत्तर.
होडीवरून घसरून मांडीचं हाड मोडलं,
मग लघवीच्या नळीतून ताप चढला.
सहाही टिकल्यांना धुकं भिडलेलं,
कुलपात ठेवतो त्या औषधाच्या टिकलीलासुद्धा,
भिंतीला शेवाळ चिकटावं तसं.
अशा वेळी सहा मिलिमीटर लिहायचे असतात,
म्हणजे नुसती टिकली.
लिहिले.

दुपारी मशीनने जनुकाचं नाव छापलं.
नावात दिल्ली.
'तुमच्याकडचं,' डॉक्टर बुथैना हसून म्हणाल्या,
हसण्यात वाईट काही नव्हतं,
तरी मी ओळखपत्र उलटं फिरवलं.
बाई, आमच्याकडे आडनावात गाव असतं.
मी केळशीकर, आणि केळशी पाहिली दोनदा,
एकदा उत्सवाला, एकदा सातबाऱ्यावरून भांडायला.
हाही असेल तसलाच दिल्लीकर.
कुठे चढला, कुठे उतरला,
कुणी शिक्का मारला नाही.

हा मूळ घरात राहत नाही.
गुणसूत्राबाहेर एक छोटं कडं असतं, त्यात बसतो.
एक पेशी दुसरीला चिकटते, नळी जोडते,
कड्याची नक्कल पलीकडे.
आईकडून लेकीला मिळतोच,
पण शेजारणीकडून शेजारणीलाही,
विरजण मागावं तसा.
क्लेबसिएला देते, ई-कोलाय घेते,
जात कुणी पाहत नाही,
आणि देणारीचं भांडं भरलेलंच.

सहा दिवसांनी बेड नऊ.
टेकेंद्र पुन, पराचीवरून पडलेला.
जंतू वेगळा, कडं तेच.
तो आणि जुमा एकमेकांना भेटले नाहीत,
एक बेशुद्ध होता, एक पडद्याआड.
मध्ये एक बेसिन. वर चार भाषांत लिहिलेलं:
हात धुवा.

रात्री मोतालेब फरशी पुसत होता.
माझ्याकडे न पाहता म्हणाला,
'सलाइनमध्ये जे उरतं ना आपा, सब इधरही डालते हैं.'
थोडं थोडं औषध, रोज,
मारायला अपुरं, शिकवायला पुरेसं.
मी म्हटलं, कोण टाकतं? त्याने पोछा पिळला.
मग मला आठवलं,
परवा मीच तिथे अर्धा कप चहा ओतला होता,
दोन चमचे साखरेचा.
औषध त्यांचं, साखर माझी,
पाइपाच्या वाकड्या कोपरात
सगळं एकत्र नांदत होतं.

स्वॅब घातला. उगवलं.
पाइप बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा घातला.

त्या संध्याकाळी रमजानचा एकोणतिसावा.
जुमाचा मुलगा लॅबच्या दारात हलव्याचा डबा घेऊन उभा,
'जुनं औषध सुरू केलंय म्हणे?'
केलं होतं. ताप उतरत होता
आणि क्रिएटिनिन चढत होतं.
मी म्हटलं, उद्या सांगते.
गच्चीवर वॉर्डबॉय पश्चिमेकडे बोटं दाखवत होते,
कुणी म्हणे दिसला, कुणी म्हणे ढग आहे.
मला नाही दिसला.

हलवा हाताला तुपकट लागला.
बेसिनपर्यंत गेले, कोपराने नळ उघडला,
पाणी वाकड्या पाइपात उतरताना
थोडा वेळ ऐकत राहिले.
हात तसेच पुढे धरून.