नळीला एक वळण

वार्डोच्या धक्क्याला आमची बोट,
जानेवारी, सूर्य अजून दहा दिवस लांब.
आयलिफ रात्री नऊला वहीत लिहितो: चौऱ्याहत्तर.
पहाटे सहाला: एकतीस.
मधल्या ओळीत काहीच नाही,
आम्हा बहीणभावाच्या बोलण्यासारखं.

टाकी माझ्या बाकाखाली. चाळीस लिटर.
दिवसभर इंजिन चालतं, जाळी ओढतं,
त्याच्या अंगातलं पाणी टाकीतल्या वेटोळ्यातून फिरतं
आणि जाता जाता धुण्याभांड्यांपुरती ऊब ठेवून जातं.
सकाळी मी कोमट पाण्यात कॉडचं पातेलं घासते.
तेल बोटांना सोडत नाही,
सांधे बोटांना सोडत नाहीत.

भाऊ म्हणाला, गुंडाळू या.
आधी फोम, दोन बोटं जाड, चंदेरी पट्टीने चिकटवलेला.
तेहेतीस.
मग वडिलांची झोपायची पिशवी,
अजून तंबाखूचा वास धरून असलेली.
चौतीस.
मग मेंढीचं कातडं, वर जुना स्वेटर,
बाह्यांची पुढे गाठ मारून.
आजारी माणसाला उशीशी टेकवावं तशी दिसत होती टाकी.
पुन्हा चौतीस.
पेन्सिल वहीवर जोरात टेकली, टोक मोडलं.
"टाकीच नाठाळ," म्हणाला,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्या रात्री वाऱ्याने दोर करकरत होते.
मी पाणी प्यायला उठले,
बोट कलली, तोल गेला,
हात पडला इंजिनावर.

गरम.

बंद होऊन सहा तास झालेले,
बाहेर उणे अकरा,
आणि ते गोठ्यातल्या गायीच्या पोटासारखं.
गुडघ्यांवर बसून नळी चाचपत मागे गेले
बाकाखालपर्यंत.
सगळी नळी जागी होती.

टाकी खाली, इंजिन वर.
दिवसा दिलेलं ते रात्री गुपचूप परत नेत होतं;
आम्ही पांघरुणांवर पांघरुणं घालत बसलो
आणि ऊब मागच्या दाराने माहेरी.

उठवलं नाही त्याला.
सकाळी फक्त मनगट धरलं
आणि त्याचा तळहात इंजिनावर ठेवला.
आईला पुरलं त्या दिवशीही
मी त्याचा हात धरला नव्हता.
बराच वेळ ठेवला त्याने.
"अस्सं," म्हणाला.

दुपारी नळ्या कापल्या.
टाकीतून निघाल्या निघाल्या आधी खाली वाकवल्या, हातभर,
मग वर नेल्या.
गरम पाण्याला आपण होऊन खाली उतरता येत नाही,
हे त्याने मला सावकाश समजावून सांगितलं,
जणू रात्री गुडघे त्याचेच सोलले होते.
मी ऐकून घेतलं.
थोरल्या बहिणीने काय काय ऐकून घ्यायचं
त्याची वही कुणी ठेवत नाही.

पहाटे सहा: छप्पन्न.
आकड्याखाली त्याने दोनदा रेघ मारली,
मग दाढी केली. मंगळवार असून.
मी पातेलं घासलं. तेल निघालं.

रात्री बाकावर पडलं की खालून
तंबाखूचा वास येतो,
टाकी नुकती तापलेली असताना जरा जास्त.
आयलिफने एकदा विचारलं, ती पिशवी आता काढू का,
तिचा तसा उपयोग नाही.
राहू दे, म्हटलं.